काजूचा तुकडा आणि दोघींचे हात

फाल्गुन-चैत्रात आपल्या सिंधुदुर्गात अंगणाअंगणात काजूबी वाळत पडते. बहुतेक बी तशीच, टरफलासकट, व्यापाऱ्याच्या गोणीत जाते. आम्ही गटातल्या बायका थोडी बी मागे ठेवतो, घरी फोडतो आणि मोडलेल्या गराची नानकटाई करतो. आज त्याच कामाबद्दल बोलू या.

आधी हातांचं. काजू हा बिब्ब्याच्याच कुळातला. टरफलाच्या दोन थरांमध्ये जे तेल असतं, ते अंगावर बिब्ब्यासारखंच उततं. म्हणून हे काम एकटीने करू नये, मैत्रीण बरोबर हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकीने फोडायचं, दुसरीने कोरडे गर सोलायचे. फोडणारीने हाताला खोबरेल चोळून वर राख लावावी, किंवा रबरी हातमोजे घालावेत. त्या हाताने डोळा पुसायचा नाही, पोर उचलायचं नाही. तहान लागली तर तांब्यासुद्धा दुसरीने तोंडाला लावायचा. पाळी बदलायची ती दुसऱ्या दिवशी, हात नीट धुतल्यावर. आणि उघड्या जाळावर बिया भाजत असाल तर वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहा, तो धूर डोळ्यांना आणि छातीला वाईट.

गर चांगले सुकेपर्यंत सोलायची घाई नको. ओलसर गराची साल चिकटून राहते, नखाने ओढली की गर मोडतो. बाजारात भाव अख्ख्या गराला. १८०, २४०, ३२० हे आकडे ऐकले असतील. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात त्यावरून ते ठरतात. आकडा लहान तेवढा गर मोठा. पाकळी आणि तुकडा मात्र उतरत्या भावाने जातात, चव तीच असूनही! चार किलो बीतून जेमतेम एक किलो गर निघतो, त्यातलाही तुकडा पडत्या भावाने घालवायचा? तो आपण भट्टीत घालू.

१०० ग्रॅम तुकडा मंद आचेवर नुसता गरम होईस्तोवर भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम काजू मिक्सरमध्ये घातला की तेल सुटून गोळा होतो. चमचाभर साखर घालून थांबत थांबत फिरवा, भरड राहिली तरी चालेल. १५० ग्रॅम तूप आणि १३० ग्रॅम पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसा. हे हात दुखवणारं काम आहे, इथेही आलटून पालटून करा. मग २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, भरड, वेलची, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा बेकिंग पावडर. पीठ मळायचं नाही, फक्त गोळा करायचं.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू पसरा, वर तिवई ठेवा, झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं तापवा. ताटलीत अंतर ठेवून गोळे मांडा. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. कडा सोनेरी झाल्या की काढा. मधे मऊ लागली म्हणून पुन्हा आत ठेवू नका, ती गार होताना कडक होते.

आता हिशोब. दोघी मैत्रिणी असल्या की वही ठेवायला संकोच वाटतो. ठेवाच. तूप, साखर, गॅस आणि दोघींची मजुरी, सगळं लिहा. काजू आपल्याच झाडाचा म्हणून फुकट धरू नका, तो तुकडा विकला असता तर किती आले असते तेवढी रक्कम त्यात घाला. मग भाव सांगा. विक्रीसाठी अन्नसुरक्षेची नोंदणी घ्या, आणि पाकिटावर काजू आहे हे ठळक लिहा, कारण काहींना तो चालत नाही.

नानकटाई पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरली तर वाफ धरते. पावसाळ्यात मोठा डबा भरून ठेवू नका, आठवड्याच्या मागणीइतकीच करा.