पुराव्याची राखण आणि पक्षकाराचे गुपित



ज्या जिल्ह्याच्या वकीलवर्गात लोकनायक बापूजी अणे यांच्यासारखा निःस्पृह पुरुष होऊन गेला आणि ज्या जिल्ह्यातील पुसदेस वकिली करता करता वसंतराव नाईक सार्वजनिक जीवनात उतरले, त्या जिल्ह्याच्या महागाव या लहान तालुक्याच्या गावी, विधिज्ञांच्या या परिषदेत, संगणकीय पुरावा आणि वकिलाच्या दप्तराची सुरक्षितता या विषयांचा ऊहापोह व्हावा, याचे मला मोठे समाधान वाटते. कारण हे विषय मुंबई-पुण्याच्या मोठ्या पेढ्यांचे आहेत, अशी जी समजूत आपल्यात रूढ आहे, ती आपल्या पक्षकारांना महाग पडू लागली आहे.

आपल्याकडे येणारा पक्षकार पाहावा. कापूस, सोयाबीन किंवा हळद ज्या व्यापाऱ्यास विकली, त्याच्याशी ठरलेला सौदा व्हॉट्सॲपवरील चार ओळींत असतो. हातउसनी दिलेली रक्कम फोनवरून गेलेली असते आणि तिची पावतीही फोनमध्येच असते. बांधावरील मारहाणीचे चित्रण पुतण्याने केलेले असते. पूर्वी जे खातेवही, चिठ्ठी आणि साक्षीदारांची स्मृती यांत विखुरलेले असे, ते सर्व आता एका यंत्रात एकवटले आहे. आणि ते यंत्र, पडदा फुटला एवढ्याच कारणाने, दाव्यात मुद्दे निघण्यापूर्वीच दुकानदारास बदल्यात दिले जाते. मग पक्षकार स्क्रीनशॉटची रंगीत प्रत घेऊन येतो, आणि आपणही ती मिसलीत लावून निश्चिंत होतो.

हा प्रश्न किती गंभीर आहे, याची साक्ष शेजारच्या मराठवाड्यातील एका प्रकरणाने दिली आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून श्री. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार श्री. कैलास गोरंट्याल यांची तक्रार अशी की, २७ सप्टेंबर रोजी दुपारी तीन वाजता मुदत संपल्यानंतर नामनिर्देशनपत्र दाखल करून घेण्यात आले, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कचेरीत आतबाहेर लावलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणातून ते सिद्ध होते. चित्रणाच्या तबकड्या न्यायालयासमोर आल्या. परंतु १८७२ च्या साक्ष अधिनियमात माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० साली घातलेल्या कलम ६५-ब प्रमाणे जो दाखला लागतो, तो वारंवार मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी दिला नाही. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याच्या उलटतपासणीतील जबाबाचा आधार घेऊन तो पुरावा ग्राह्य धरला आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळले, कारण इतर पुरावाही पुरेसा होता. तथापि जो दंडक घालून दिला, तो कठोर आहे. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन हजर केले तर दाखला नको. नकलेवर भिस्त असेल तर दाखला अनिवार्य, तोंडी साक्षीने त्याची उणीव भरून निघणार नाही. आणि दाखला दुसऱ्याच्या ताब्यात अडकला असेल तर न्यायालयाकडे अर्ज करून तो मागवावा, सर्व खटपट करूनही न मिळाल्यास मात्र पक्षकारास सूट मिळेल. हा अर्ज वेळीच करणे हे वकिलाचे काम आहे, आणि ते न केल्याचे प्रायश्चित्त पक्षकारास भोगावे लागते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अंमलात आला, आणि त्याच्या कलम ६३ ने दाखल्याचा नमुनाच ठरवून दिला: पहिला भाग पक्षकाराने किंवा यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोहोंत त्या नोंदीचे हॅश मूल्य लिहावयाचे. हे मूल्य म्हणजे गणिती रीतीने काढलेली अशी खूण की, फाइलीतील एक स्वल्पविराम बदलला तरी ती संपूर्ण पालटते. जुन्या लखोट्यावरील लाखेच्या मोहोरेचे काम ती करते. परंतु मारहाणीचे चित्रण व्हॉट्सॲपवरून पाठविले की ते आकुंचित होते, त्याचे हॅश मूल्य बदलते, आणि मूळ फोन हाती नसेल तर मोहोर फुटलेला लखोटाच आपण न्यायासनापुढे ठेवतो. म्हणून वकीलपत्रावर सही घेतानाच पक्षकारास बजावले पाहिजे की, फोन विकू नये, संभाषण पुसू नये, मूळ फाइल जशीच्या तशी उतरवून ठेवावी. मोठ्या पेढ्या ज्यास ई-डिस्कव्हरी म्हणतात, ते शास्त्र आपल्या तालुक्यात येथूनच सुरू होते.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला अधिक जिव्हाळ्याची वाटते. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले वकिलाने उघड करू नये, हा जुना दंडक नव्या अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये कायम आहे, आणि वकीलपत्र संपले तरी ते बंधन संपत नाही. पण आपले वर्तन कसे आहे? कैफियतीचा मसुदा छापण्यासाठी न्यायालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानदारास व्हॉट्सॲपने जातो आणि त्याच्या संगणकात राहतो; ई-फायलिंगचा पासवर्ड कारकुनास तोंडपाठ असतो आणि ओटीपीही त्यालाच सांगितला जातो; घटस्फोटाच्या प्रकरणातील पत्नीचे वैद्यकीय कागद ज्या फोनमध्ये आहेत, तोच फोन मुलांच्या हाती खेळायला असतो. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनदंडाच्या पावतीच्या नावाने आलेली एपीके फाइल अशा फोनवर एकदा उघडली की, बँकेतील रकमेबरोबर पक्षकारांची गुपितेही परक्या हाती जातात. २०१६ साली पनामातील मोसाक फोन्सेका या वकिली पेढीतून सुमारे एक कोटी पंधरा लाख दस्तऐवज बाहेर आले आणि दोन वर्षांत ती पेढी बंद पडली. तिच्या पक्षकारांविषयी कोणाचे मत काहीही असो, दप्तर सांभाळता न आलेल्या पेढीस जगात कोणी आश्रय दिला नाही. महागावच्या भूमिहीन शेतमजुराचे गुपित कोणत्याही धनाढ्याच्या गुपिताइतकेच पवित्र आहे, आणि ते राखण्यास फार द्रव्य लागत नाही: द्विस्तरीय पडताळणी, प्रत्येक खात्यास निराळा पासवर्ड, आंतरजालाशी न जोडलेली दप्तराची एक जादा नक्कल, आणि फसवणूक होताच संकोच न करता १९३० या क्रमांकावर तक्रार, एवढ्याने पुष्कळ अनर्थ टळतो.

शेवटी एक निकडीची अडचण मी या परिषदेपुढे ठेवतो. दाखल्याच्या दुसऱ्या भागावर सही करणारा तज्ज्ञ कोण, याविषयी कलम ६३ मध्ये ‘तज्ज्ञ’ एवढाच शब्द आहे. दहा हजारांच्या उसनवारीच्या दाव्यासाठी शेतकऱ्याने असा तज्ज्ञ शोधत नागपूर गाठावे आणि दाव्याहून अधिक खर्च करावा, हे न्यायास धरून नाही. जिल्हा न्यायालयाने अशा तज्ज्ञांची यादी तयार करावी, त्यांचे शुल्क ठरवून द्यावे, आणि गरीब पक्षकारांचे ते शुल्क जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने सोसावे, असा ठराव दुपारच्या सत्रात स्वागत समिती मांडणार आहे. त्यावर आपण सविस्तर चर्चा करावी आणि त्यात जी दुरुस्ती सुचेल ती निःसंकोच सांगावी, अशी माझी आपणांस नम्र विनंती आहे.