मुख्य कचेरी हलते तेव्हा



आपल्या गावच्या नृसिंहाच्या देवळापाशी नारळ, फुले, प्रसाद विकणारी मंडळी आपण नेहमी पाहता. देवस्थानाच्या हजेरीपटावर त्यांची नावे नसतात. तरी त्यांच्या चुली देवळावर पेटतात. देव जागा सोडून जाणार नाही, या एका भरवशावर त्यांनी दुकान मांडलेले असते. मोठ्या कंपनीच्या मुख्य कचेरीभोवतीही अशीच वस्ती जमते. फरक इतकाच की, हा देव केव्हा उठून जाईल याचा नेम नसतो. तो गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय होते, हा माझा आजचा विषय आहे.

पोखर्णीत बसून मुंबईच्या उपनगरांची चिंता कशाला, असे कोणी विचारील. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांच्या फाटकांवर पहारा करणारी, तेथले जिने झाडणारी, चहा पोहोचवणारी कितीतरी माणसे आपल्याच मराठवाड्यातली आहेत, हे एक उत्तर. दुसरे आपल्या अनुभवातले आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याची कचेरी एखाद्या गावी आली की तिच्यामागून अर्ज लिहिणारा येतो, मुद्रांक विकणारा येतो, खानावळवाला येतो, खोल्या भाड्याने देणारा येतो. कचेरी येण्याने काय मिळते हे आपण जाणतो. म्हणून ती जाण्याने काय जाते, हेही आपल्याला समजायला अवघड नाही.

आता एक मोठे उदाहरण घेऊ. 1932 साली जे. आर. डी. टाटांनी सुरू केलेली विमानसेवा 1946 मध्ये एअर इंडिया झाली आणि 1953 मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. नरिमन पॉइंटची तिची उंच इमारत मुंबईची एक खूण होऊन बसली. पण कामगारांचे एअर इंडिया त्या इमारतीत राहत नव्हते. ते विमानतळाजवळ, सांताक्रूझच्या पूर्वेस, कलिन्याच्या वसाहतीत राहत होते. अशी वसाहत म्हणजे नुसत्या खोल्या नव्हेत. तिच्यावर दूधवाला, इस्त्रीवाला, शिकवण्या घेणाऱ्या बाई, रिक्षावाले असा सारा परिसर उभा असतो.

2013 मध्ये मुख्यालय दिल्लीस गेले. इमारत जागेवर राहिली, विमानेही मुंबईहून उडत राहिली. मग बिघडले काय? ते पुढे दिसले. ऑक्टोबर 2021 मध्ये ही संस्था टाटा समूहास विकण्याचा निर्णय जाहीर झाला आणि 27 जानेवारी 2022 रोजी ती त्यांच्या हाती गेली. वसाहतीतील कुटुंबांना घरे सोडण्यास सांगण्यात आले. संघटना उच्च न्यायालयापर्यंत गेल्या, पण वसाहत वाचली नाही. पुढे इमारती पाडायलाही सुरुवात झाली. घरे गेली ती विक्रीमुळे, मुख्यालय हलल्यामुळे नव्हे, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्याच्या दाराशी जाऊन बसावे, ते दार तोवर दिल्लीत गेलेले होते. लोकलचे तिकीट काढून गाठता येणारा साहेब आणि दिल्लीतला साहेब यांत काय अंतर असते, हे शिष्टमंडळे घेऊन हिंडलेल्या माणसाला विचारा. नरिमन पॉइंटची इमारत महाराष्ट्र शासनाने 1,601 कोटी रुपयांस घेण्याचे ठरले. इमारतीला किंमत आली. परिसराची किंमत कोणत्या कागदावर मांडली गेली?

दुसऱ्यांना दोष देण्याआधी माझी स्वतःची चूक सांगतो. पूर्व उपनगरातील एका कंपनीने आपली मुख्य कचेरी परराज्यात नेली. वाटाघाटीला आमच्या बाजूने मी होतो. बदलीभत्ता, सामान हलवण्याचा खर्च, मुलांची परीक्षा होईपर्यंत मुदत, जाऊ न शकणाऱ्यांना भरपाई, हे सारे आम्ही मिळवले. फाटकावर मला हार घातले गेले. आठवड्याने, कारकुनांना जेवणाचे डबे देणाऱ्या मावशी मला भेटल्या. म्हणाल्या, “भाऊ, आमचं काय ठरलं?” त्यांच्या हातची पोळी मी कित्येक वर्षे खाल्ली होती. चाळीस डबे बंद होणार होते, आणि आमच्या एकाही यादीत त्यांचे नाव नव्हते. कंत्राटदाराकडच्या झाडूवाल्यांचेही नव्हते. कंपनीने त्यांना मोजले नाही याचा मला राग आला असता. पण मोजले तर मीही नव्हते.

कायद्याची दृष्टीही तशीच आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने वेतन, कामाचे तास असल्या सेवाशर्ती बदलण्यापूर्वी कामगाराला 21 दिवसांची नोटीस देणे बंधनकारक केले. ती नोटीस मस्टरवरच्या माणसाला मिळे. नाक्यावरच्या माणसाला कोणती नोटीस?

कंपनीने जन्मभर एकाच जागी बसावे, असे म्हणणारा मी नाही. एका गावचे गेलेले काम दुसऱ्या गावी कोणाच्या तरी ताटात पडते. परंतु माणसांची मुळे लक्षात न घेता हलणे धंद्यालाही सोपे नसते. डिसेंबर 2023 मध्ये सुरतेस हिऱ्यांच्या व्यापाराचे भव्य संकुल सुरू झाले. त्या सुमारास मुंबईहून तेथे गेलेली एक मोठी पेढी थोड्याच काळात मुंबईस परतली.

माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. मुख्य कचेरी हलवायची तर नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला निदान एक वर्ष आधी कळवावे. संघटनेने करार करताना कंत्राटी कामगारांची आणि कचेरीवर पोट असणाऱ्या परिसरातल्या लोकांची यादी सोबत न्यावी. आणि मोकळी झालेली जागा विकून जो पैसा येईल, त्यातला काही हिस्सा या माणसांना दुसऱ्या उद्योगात स्थिर होण्यासाठी ठेवावा.

उद्या आपल्या जिल्ह्यातही एखादी मोठी कंपनी येईल. आपण तोरणे बांधू, आणि बांधावीतच. पण जमीन देताना, सवलती देताना, सही होण्यापूर्वी एक प्रश्न विचारा : जाताना काय कराल? निघालेल्या माणसाला हा प्रश्न विचारून उपयोग होत नाही. मावशींना मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. हा प्रश्न वेळेवर विचारणारे चार लोक आज येथून घरी गेले, तर माझे इथवर येणे सार्थकी लागले असे मी समजेन.