हात सुरांवर, पाय बटणांवर : मिडी फूट कंट्रोलरची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय पायाखालचा आहे. अगदी शब्दशः.

आधी एक प्रसंग सांगतो. गणपतीतला कार्यक्रम होता. मी कीबोर्डवर. गाणारी मुलगी अकरावीतली, स्टेजवर पहिल्यांदाच. संथ अभंग चालू होता. अंतरा संपला आणि मला बासरीचा आवाज लावायचा होता, म्हणून पायाने पाच नंबर दाबला. आणि बासरीऐवजी वाजले काय, तर ट्रम्पेट! सगळा मांडव दचकला. ती थांबली, एक ओळ गाळली, कसंबसं पुढे गायली. उतरल्यावर मला म्हणाली, "दादा, मला वाटलं मीच चुकले."

ते वाक्य अजून टोचतं. चूक माझी होती, घाबरली ती. म्हणून आजचा एपिसोड.

आता मिडी म्हणजे काय? तर आवाज नव्हे. मिडीच्या तारेतून सूर जात नाही, निरोप जातो. "अमुक आवाज लाव", "इतका मोठा कर" एवढंच. १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर या तारेने जोडून दाखवले गेले, आणि तीच भाषा आजही चालते. एका तारेत १६ चॅनेल, आणि बहुतेक आकडे ० ते १२७ मधले.

फूट कंट्रोलर हे निरोप पायाने पाठवतो. आणि हे आपल्याकडे नवीन नाही बरं का! संगीत नाटकातले ऑर्गनवादक पायाने भाता मारायचे आणि हाताने वाजवायचे. पायाला काम द्यायची सवय जुनीच आहे.

माझ्याकडे आहे बेहरिंगर एफसीबी१०१०. सेकंड हँड बाजारात हा बऱ्याचदा दिसतो. दहा नंबरची बटणं, बँक बदलायला अप आणि डाउन, आणि उजवीकडे दोन एक्स्प्रेशन पेडल. दहा बँका गुणिले दहा, म्हणजे शंभर प्रीसेट. यूएसबी मात्र नाही, जुनी गोल पाच पिनांची मिडी सॉकेटं आहेत.

मग त्या दिवशी झालं काय? खालच्या रांगेत पाच नंबरच्या शेजारीच डाउनचं बटण. माझ्या बुटाची कड आधी त्याला लागली, बँक एकने मागे गेली, आणि पाच दाबल्यावर आधीच्या गाण्याचा पाच नंबर लागला. डिस्प्लेवर आकडा बदललेला होता, पण माझं लक्ष गाण्याकडे. पेटीचा दोष नाही. मांडणी माझी, बूट माझा.

त्यानंतर मी चार गोष्टी बदलल्या. लिहून घ्या.

एक. एक बँक, एक गाणं. आणि पाच व दहा ही अप-डाउनच्या शेजारची बटणं रिकामी ठेवायची. प्रत्येक बँकेत दोन आवाज कमी होतात, पण झोप नीट लागते.

दोन. शेजारी शेजारी असे आवाज ठेवायचे, की चुकलं तरी कान फाटणार नाहीत. बासरीशेजारी व्हायोलिन चालेल, ट्रम्पेट नाही.

तीन. आकड्यांचा घोळ तपासा. मिडीत प्रोग्रॅमची मोजणी शून्यापासून होते, पण बरीच यंत्रं आपल्याला एकपासून दाखवतात. त्यामुळे सगळे आवाज एका घराने सरकलेले असू शकतात. एकेक बटण दाबून, ऐकून, कागदावर लिहा.

चार. पेडलला कंट्रोल नंबर ११ द्या, ७ नाही. ७ म्हणजे चॅनेलचा मूळ व्हॉल्यूम, ११ म्हणजे त्याच्या आतला चढउतार. साउंडवाल्या दादांनी लावलेलं बॅलन्स मग बिघडत नाही.

आणि हो, बरेच जुने कीबोर्ड आवाज बदलताना धरलेला सूर तोडतात. म्हणून बटण दाबायचं ते गायक श्वास घेतो तेव्हा.

आता अपग्रेड. नवीन घ्यायच्या आधी जुन्यात काय होतं ते बघा. एफसीबी१०१० मध्ये सॉफ्टवेअर एका छोट्या चिपवर असतं आणि ती सॉकेटमधून काढता येते. 'युनो' नावाची चिप त्याजागी बसवली, की गिटारवाल्यांना हवा असलेला स्टॉम्पबॉक्स मोड मिळतो: एका बटणाने एक इफेक्ट चालू, परत दाबलं की बंद, आणि चालू आहे का ते दिव्यावर दिसतं. पण प्लग काढल्याशिवाय पेटी उघडायची नाही. चिपवरची खाच कुठल्या बाजूला आहे त्याचा आधी फोटो काढा, उलटी बसवू नका. मांडणी पुन्हा भरावी लागेल असं धरूनच चला, म्हणून जुनी आधी उतरवून ठेवा.

फोन वापरताय? अँड्रॉइड ६ पासून मिडीची सोय फोनमध्येच आहे. यूएसबी-मिडी केबल आणि ओटीजी जोडणी पुरते. लक्षात ठेवा, पाठवणाऱ्याचं आउट, घेणाऱ्याचं इन. ब्लूटूथचे अडॅप्टरही मिळतात, पण मी कार्यक्रमात तारच लावतो. गर्दीत मला जोखीम नको.

शेवटचं. घरी सराव करताना बूट घालून करा. स्टेजवर जो घालणार, तोच. हसू नका, माझा सगळा घोटाळा तिथेच झाला होता.

ती मुलगी यंदा परत गायली. तोच अभंग. अंतरा संपला, तिने श्वास घेतला, मी तीन नंबर दाबला. बासरी वाजली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मंडळी, याहून मोठी दाद नाही.

तुमचा पाय कुठे घसरला होता? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकू. भेटूया!