पुस्तकातले सैन्य आणि आपला कंपू
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



'युद्धाची पुस्तके' हा विषय कळवल्यावर कार्यवाहांनी दबकतच विचारले, "गणपतीत लढाया कशाला?" मी म्हटले, अहो, आपण राहतो लष्करात आणि कामाला जातो कंपूत. लढाई आपल्या पत्त्यातच आहे. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास इथे पडला तो उठलाच नाही, त्याचेच हे शहर झाले. कंपू म्हणजे कवायती पायदळ. मराठीत आज त्याचा अर्थ टोळके असा उरलाय, ते सोडा.

सैन्ये, शस्त्रे आणि गणवेश यांवरची सचित्र पुस्तके इंग्रजीत ढिगाने निघतात. इंग्लंडातल्या ऑस्प्रे प्रकाशनाची 'मेन-ॲट-आर्म्स' ही माला अनेकांनी पाहिली असेल. पुस्तक लहानसे, अठ्ठेचाळीस पानांचे, मधे आठ रंगीत चित्रे. बटण कसले, पट्टा कुठल्या खांद्यावरून, सगळे तपशिलात. मला ही पुस्तके आवडतात. मात्र ती वाचताना एक खोड लावून घ्यावी: कोणाचा अंगरखा नेमका रंगवलाय आणि कोणाचा अंदाजाने, हे बघत जावे.

असईचेच घ्या. २३ सप्टेंबर १८०३. या लढाईवर त्याच प्रकाशनाचे सायमन मिलर यांचे पुस्तक आहे. वेलस्लीच्या हायलँडर पलटणींचा पोशाख सांगायला सरकारी हुकूम, शिंप्यांचे हिशेब, अधिकाऱ्यांची चित्रे असे सगळे हाताशी असते. समोर उभ्या शिंद्यांच्या तिलंग्यांसाठी बहुतेक आधार परक्यांच्या आठवणींचा. लाल डगले होते हे कळते, पण त्या डगल्यातल्या माणसाचे गाव कळत नाही.

हे कंपू उभे केले ते साव्हॉयच्या शांबेरी गावच्या बन्वा द बॉयनने. महादजींनी १७८४ मध्ये त्याला दोन पलटणी उभारायला ठेवले. दहा वर्षांत तीन कंपू झाले. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉट तोफा ओतत असे. १७९० मध्ये पाटण आणि मेडता या लढाया याच पायदळाने मारल्या. गणवेशाच्या पुस्तकात सहसा न येणारी एक गोष्ट मला त्या सगळ्यापेक्षा मोठी वाटते. हर्बर्ट कॉम्प्टनने १८९२ च्या ग्रंथात ती दिली आहे. द बॉयनच्या फौजेत जखमी शिपायाला जखमेच्या मानाने बक्षीस मिळे आणि बरा होईपर्यंत पगार कापला जात नसे. कायमचा निकामी झालेल्याला अर्धा पगार जन्मभर. पगार वेळेवर मिळणे ही त्या काळी तोफेइतकीच दुर्मिळ वस्तू होती, आणि पलटण रणात उभी राहते ती पुष्कळदा त्यावर.

असईत शिंद्यांच्या ९८ तोफा गेल्या, पण वेलस्लीचीही दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. 'मराठे गनिमी कावा सोडून कवायत शिकले म्हणून हरले' असे आपण शाळेपासून ऐकतो. मला ते पटत नाही. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ च्या ग्रंथात दाखवले आहे की तोफा आणि गोलंदाज यांत शिंदे कमी नव्हते. कमी पडली ती नेतृत्वाची साखळी. ऐन युद्धात कंपनीने युरोपीय अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्यासाठी पैशाचे आमिष दाखवले आणि पुष्कळ जण गेले. सरदार पेराँही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. १ नोव्हेंबरला लासवारीला उरलेल्या पलटणी जवळजवळ त्या अधिकाऱ्यांवाचूनच लढल्या, तोफांपाशीच मेल्या. त्यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री नव्हती, अशा आशयाचे खुद्द जनरल लेकने लिहिले. हे चित्रात कसे दाखवणार?

चाळीस वर्षांनी, २९ डिसेंबर १८४३ रोजी, आपल्या दारातच महाराजपूर आणि पनियार या दोन लढाया एका दिवशी झाल्या. जिंकलेल्या तोफांचे ब्राँझ वितळवून इंग्रजांनी 'ग्वाल्हेर स्टार' हे पदक पाडले. पदकांच्या पुस्तकांत त्याचे फोटो सुरेख असतात, मध्यभागी छोटा रुपेरी तारा. तो तारा कोणत्या फौजेच्या धातूवर बसवला आहे, एवढे ध्यानात ठेवून तो फोटो पाहा.

ज्यांना खोलात जायचे त्यांनी सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचा १९२८ चा ग्रंथ वाचावा. बंगाली गृहस्थ, पण मराठी कागद वाचून लिहिणारे. सरदेसाईंनी संपादित केलेली महादजींची पत्रेही आहेत. तरुणांनी मात्र चित्रांच्या पुस्तकांपासूनच सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही.

आणि एक मागणे. आपल्यापैकी काहींच्या माळ्यावर आजही मोडी कागदांची गाठोडी आहेत: पगाराच्या याद्या, हजेऱ्या, नेमणुकीच्या सनदा. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा मोडी जाणणाऱ्याला दाखवा. एखाद्या तिलंग्याचे नाव आणि गाव त्यातच असायचे.