बाजरीचे नाव वाढले, भावाचे काय?
(वाघोली येथील बैठकीत केलेले भाषण)



पुणे-नगर रस्त्यावरचे हे वाघोली 2021 साली पुणे महापालिकेत गेले. इथून शिरूर, पारनेरकडे निघाले की बाजरीचा मुलूख लागतो. तुम्ही कापूस-ज्वारीवाले. तुमच्याकडे बाजरी आठवते ती पाऊस हुकला म्हणजे. ते चूक नाही. जुलै निम्मा सरला की कपाशी लावणे जुगार, आणि उशिरा पेरलेली ज्वारी खोडमाशी खाते. बाजरी तीस जुलैपर्यंत पेरता येते, हलक्या रानात ऐंशी-नव्वद दिवसांत घरी येते. दाणा माणसाला, सरमाड जनावराला.

घरचे बियाणे वापरणार असाल तर अरगट विसरू नका. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे टाका. वर तरंगेल ते काढून जाळा, खालचे दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा.

आता भावाचे. 2023 हे वर्ष साऱ्या जगाने भरड धान्याचे म्हणून पाळले. दिल्लीने त्याला 'श्री अन्न' म्हटले. फार छान. मग 2025-26 च्या हंगामाचे हमीभाव पाहा: संकरित ज्वारी 3699 रुपये क्विंटल, बाजरी 2775. नऊशे रुपयांचा फरक! का, तर म्हणे बाजरीला खर्च कमी. पाणी कमी, खत कमी, म्हणून खर्च कमी. खर्च कमी म्हणून भाव कमी. काटकसर आम्ही करायची आणि तिचा फायदा दुसऱ्याने घ्यायचा, असा हा हिशेब आहे. त्यातही गावाजवळ खरेदी केंद्र नसेल तर 2775 हा आकडा कागदावरच राहतो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन आणि भरड धान्य एक रुपया किलो लिहिले होते. कायद्यानेच सगळ्यात खालची पायरी दिली.

दाण्यात मात्र काही कमी नाही. राहुरी विद्यापीठ आणि इक्रिसॅटने मिळून दिलेल्या 'धनशक्ती' वाणात किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह आहे. हा वाण महाराष्ट्रात 2012 साली आला.

अडचण पिठाची आहे. बाजरीत तेल जास्त, म्हणून दळलेले पीठ आठ-दहा दिवसांत कडू होते. भोगीच्या तीळ लावलेल्या भाकरीसाठी आपल्या बायका ताजे दळतात ते उगाच नाही. म्हणूनच दुकानदार पीठ साठवत नाही. दाणे उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून, वाळवून मग दळले तर पीठ जास्त टिकते. हे काम गावच्या गिरणीला जमण्यासारखे आहे. समोरच्या या इमारतींत भाकरी खाणारी माणसे राहतात. त्यांना दर आठवड्याला ताजे पीठ आपण का विकू नये? कंपनीने पुडी बांधून विकेपर्यंत थांबायचे कशाला?

पुढच्या बैठकीला येताना बाजरीचा एकरी खर्च लिहून आणा. घरच्या माणसांची मजुरी धरा, आणि सरमाडाच्या पेंढ्याही मोजा.