लोनाडची गद्धेगाळ

इंग्लंडांतील जुन्या खेड्यांतून हिंडणाऱ्या प्रवाशास चर्चच्या आवारांत किंवा बाजाराच्या चौकांत तीन-चार झिजलेल्या पायऱ्या, वर एक खोबणीचा दगड व त्यांत रोवलेला तुटका खांब पुष्कळदां आढळतो. हे मध्ययुगांतील दगडी क्रूसांचे अवशेष होत. १६४३ सालीं तेथील पार्लमेंटानें क्रूस पाडण्याचा हुकूम काढला. माथीं गेलीं, बुडें राहिलीं. पुढें कांहीं खांबांवर लोकांनीं सूर्यघड्याळें बसविलीं!

असा जुना, अर्थ हरपलेला दगड पाहण्यासाठीं भिवंडीजवळच्या टेमघरच्या रहिवाशास विलायतेस जावयास नको. त्याच तालुक्यांत लोनाड आहे. तेथील लेणें व पडकें शिवालय पुष्कळांस ठाऊक असतें. शेजारच्या चौधरपाड्याचा शिलालेख मात्र थोड्यांनींच पाहिला आहे. शिलाहार राजा केशिदेव यानें शके ११६१ मध्यें ब्रह्मपुरी गांव दान दिलें, त्याची ती सनद होय.

अशा दगडास गद्धेगाळ म्हणतात. माथ्यावर चंद्रसूर्य, ते आहेत तोंवर दान अबाधित राहावें, हा भाव. मध्यें लेख, व खालीं गाढव आणि स्त्री यांचें चित्र. जो हें दान मोडील त्याच्या मातेस उद्देशून ही शिवी आहे. तिचे शब्द येथें उच्चारणें प्रशस्त नव्हे. नांगर धरणाऱ्यास अक्षर कळत नसे, चित्र मात्र तत्काळ कळे. अपराध दान मोडणाऱ्याचा आणि विटंबना त्याच्या आईची, हा न्याय कोणत्या काळचा म्हणावा? तरीहि याच ओंगळ दगडांनीं भाषेवर उपकार केले आहेत. अलिबागेजवळच्या आक्षीची गद्धेगाळ कित्येक वर्षें रस्त्याच्या कडेस पडून होती; तिच्यावरील लेखाचा शक ९३४ मानणारे पंडित त्यास मराठीच्या आद्य लेखांत गणतात.

इंग्लंडांत क्रूस द्वेषानें फुटले. इकडे कोठें दगडास शेंदूर लागला, कोठें तो अभद्र म्हणून पालथा घातला गेला. पण पालथा दगड निदान जागेवर तरी राहतो. आतां भिवंडीभोंवतीं गोदामांच्या रांगा उठल्या आहेत, आणि जमीन सपाट करणारें यंत्र शेंदूरहि पाहत नाहीं. दानाची जमीन कोणती, हें सांगण्यास दगडाची जागा लेखाइतकीच उपयोगी असते. तेव्हां पाया खणतांना चंद्रसूर्य कोरलेला दगड लागल्यास मुकादमानें तो हलवूं नये. त्याचें तोंड कोणत्या दिशेस आहे तें टिपून घ्यावें, आणि पुरातत्त्व खात्यास कळवून माणूस येईपर्यंत तेवढा खड्डा उघडा ठेवावा.