घरच्या बिस्किटांचा डबा

(आंजर्ले येथे भरलेल्या आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ज्ञातिसंघाच्या मेळाव्यात बोलावयास उभे राहणाऱ्याने कुलवृत्तान्त, शिष्यवृत्त्या किंवा विवाहातील खर्च यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा संकेत आहे. आज आम्ही बिस्किटांविषयी बोलणार आहोत. विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्ञातिसंस्थेत बिस्किटाचा विचार होऊ नये, असे इतिहास जाणणारा मनुष्य तरी म्हणणार नाही.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे प्रभृती मंडळी जमली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून जाहीर करविली आणि मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांना आणि टिळकांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. टिळकांचे मूळ गाव चिखलगाव आपल्याच दापोली तालुक्यातले, म्हणून ही कथा आपल्याला परकी नाही. त्या बिस्किटात विष नव्हते की अभक्ष्य भक्षणाची कोणाला हौसही नव्हती. प्रश्न एवढाच होता की ते कोणी मळले, कोणाच्या भट्टीत भाजले आणि कोणाच्या हातून आले.

पुढे काळानेच या प्रश्नाचा निकाल लावला. विलेपार्ले येथील कारखान्याने १९३९ साली बिस्किटे काढण्यास प्रारंभ केला. देशी बिस्किटांचे पुडे हळूहळू गावोगाव पोहोचले आणि ज्या घरांत बिस्किट उंबऱ्याच्या आत येत नसे, त्या घरांतील तान्ह्या मुलांना ते दुधात कुस्करून भरविले जाऊ लागले. दिवाळीपूर्वी किंवा मे महिन्यात मुंबईची मुले घरी आली म्हणजे मैदा, साखर आणि तूप मोजून घ्यावे, तालुक्याच्या बेकरीत न्यावे आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी आणावी, अशीही रीत पडली. भट्टीवरचा कारागीर बहुधा मुसलमान असे. आपल्या घरचे तूप त्याच्या हाताखाली जाई आणि तीच नानकटाई फराळाच्या ताटात चकलीशेजारी विराजमान होई. यावर कोणतीही परिषद भरली नाही, कोणी ठराव केला नाही.

भाजलेल्या गोडाची ही देवघेव इतर प्रांतांतही आहे. गोव्यात नाताळच्या वेळी ख्रिस्ती कुटुंबे रवा आणि नारळ घालून केलेली ‘बोलिन्हा’ नावाची बिस्किटे व इतर गोड पदार्थ ताटात लावून हिंदू शेजाऱ्यांकडे पाठवितात आणि चतुर्थी-दिवाळीला हिंदूंच्या घरून त्यांच्याकडे ताटे जातात. रवा-नारळ म्हणजे आपल्या लाडवाचेच साहित्य. एका घरी ते वळले जाते, दुसऱ्या घरी भाजले जाते, एवढाच भेद.

आता भेट म्हणून बिस्किटे घरी का करावीत, याकडे वळू. हल्ली सणावारी चकचकीत कागदातील तयार खोके आणण्याची चाल पडली आहे. पुण्याहून येणारा पाहुणा १९५५ साली स्थापन झालेल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटे आणतो. ती उत्तमच असतात, आम्हीही आवडीने खातो. तथापि विकतचे खोके एका घरातून दुसऱ्या घरात, तेथून तिसऱ्या घरात न उघडताच फिरत राहते, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. घरी केलेल्या पदार्थाचे असे होत नाही. तो चार दिवसांत खावाच लागतो, आणि खाताना करणारीची किंवा करणाऱ्याची आठवण होतेच. शिवाय आपल्याकडे शेजारचे भांडे रिकामे परत करू नये, असा दंडक आहे. खोके रद्दीत जाते. डबा मात्र परत करावा लागतो आणि परत जाताना त्यात काही ना काही घालावे लागते. घराघरांतील येणे-जाणे टिकते ते अशा डब्यांमुळे.

कृती कठीण नाही. एक वाटी थिजलेले साजूक तूप परातीत घेऊन त्यात एक वाटी पिठीसाखर घालावी आणि तळव्याने पांढरे, हलके होईपर्यंत फेसावे. त्यात एक वाटी भाजलेले नाचणीचे पीठ, एक वाटी मैदा किंवा बारीक कणीक, चिमूटभर मीठ आणि किसलेले जायफळ घालून गोळा करावा. पोळीच्या कणकेप्रमाणे तो मळत बसू नये. मळल्याने पिठाला चिकटपणा येतो आणि बिस्किट खुसखुशीत न होता कडक होते. करंजीच्या पारीला मोहन घालण्यात जे तत्त्व आहे तेच येथे आहे. नाचणीत गव्हाचा चिकटपणा मुळीच नसल्यामुळे नुसत्या नाचणीचे बिस्किट उचलताच मोडते. म्हणून अर्धे पीठ गव्हाचे घ्यावे.

घरी ओव्हन नसल्यास जाड कढईत बोटभर वाळू किंवा मीठ पसरून वर तिवई ठेवावी, झाकण घालून दहा मिनिटे तापवावे आणि मंद आचेवर ताटली ठेवून वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. ओव्हनमध्ये १७० ते १८० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. नाचणीचा रंग मूळचाच काळसर असल्याने रंगावरून भाजणी कळत नाही. वास सुटला आणि कड खालून कोरडी झाली, की उतरवावे. गरम असताना बिस्किट मऊच लागते. ते कच्चे राहिले असे समजून पुन्हा भाजू नये; निवल्यावर खुसखुशीत होते. पूर्ण निवल्याखेरीज डब्यात भरू नये, नाहीतर त्याच्याच वाफेने ते सादळते. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत घट्ट झाकणाचा डबा हवा, आणि पावसाळा टाळून दिवाळी ते शिमगा हाच काळ या कामास योग्य.

कल्पकतेला येथे भरपूर वाव आहे आणि त्यासाठी मुंबईच्या बाजाराकडे पाहण्याचे कारण नाही. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले तेव्हा आपल्या वरकस जमिनीतल्या या धान्याला जगात मान मिळाला. सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस, काजूकणी, आंबापोळीचे बारीक तुकडे, हे सारे आपल्या परसातले आहे. आंबापोळी मात्र गोळ्याच्या पोटात भरावी, वर राहिल्यास करपते. ओले खोबरे वापरू नये, ते लवकर खवट होते. मुलांना आकार करू द्यावेत. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. नाचणीच्या चपट्या गोळीवर सुरीने आडव्या-उभ्या रेघा ओढून डोके आणि चार पाय चिकटविले, की कासव तयार होते. असे बिस्किट कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

भेट देताना घेणाऱ्याचा विचार करावा. अंडे न घातल्यास ते कोणासही चालते. ज्यांना साखर वर्ज्य आहे त्यांना गोड डबा धाडून धर्मसंकटात टाकू नये. ज्यांचे दात गेले आहेत त्यांच्यासाठी नाचणीचे बिस्किट उत्तम. चहात बुडविले की विरघळते.

आता मूळ मुद्दा. आपल्या गावात कितीएक घरांना वर्षातील दहा महिने कुलूप असते, आणि उघड्या घरांपैकी अनेकांत एखाददुसरे वृद्ध माणूस एकटे राहते. संघातर्फे मेळाव्यात ज्येष्ठांना खोकी वाटली जातात, ती यादीप्रमाणे. आणि यादी अर्थातच आपल्या ज्ञातीची. परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आपल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, घरांवरची कौले-पत्रे उडविले आणि कित्येक दिवस दिवा लागला नाही, तेव्हा पडलेली माडे तोडून वाट मोकळी करणारे हात कोणत्या ज्ञातीचे होते, हे आपण विचारले नाही. कोणी भाकरी दिली, कोणी बिस्किटांचा पुडा दिला. आपण तो घेतला. ते भांडे अजून आपल्याकडेच आहे, आणि ते रिकामे परत करणे आपल्या रीतीत बसत नाही.

म्हणून संघापुढे आमची एक नम्र सूचना आहे. ठराव नको, वर्गणीही नको. ज्या घरी शक्य असेल त्या घराने येत्या दिवाळीपासून दोन डबे भरावेत. एक आपल्या यादीतील एखाद्या एकट्या वृद्धाला द्यावा, आणि तो माणसाकरवी न पाठविता स्वतः नेऊन द्यावा, घटकाभर बसावे. दुसरा यादीबाहेरच्या घरी द्यावा : बागेत राबणाऱ्याकडे, मासळी घेऊन दारी येणारीकडे, वादळात मदतीस धावलेल्याकडे. त्यांच्या घरून डबा भरून परत आला, तर जे येईल ते आनंदाने खावे. एकेकाळी एका बिस्किटासाठी थोर पुरुषांना पंक्तीबाहेर बसविण्याची भाषा झाली. त्याच बिस्किटाने आज आपली पंगत चार पाटांनी वाढली, तर ज्ञातीचे काहीही उणे होणार नाही.